आमच्या हरिदासाची कथा

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्या चौतीस वर्षांत एकाही पालकाने मला कुठल्या शब्दाचा अर्थ विचारला नाही. निवृत्त होऊन पौडला येऊन बसले आणि सगळ्या तालुक्याला अचानक अर्थाची भूक लागली. सकाळी दूध तापवत असावं, तेवढ्यात फोन. "बाई, ह्या नावाचा अर्थ काय हो?" नाव असं, की जिभेनेच ते उचलायला नकार द्यावा. शेवटी हटकून 'अंश' लागलेला. मी विचारते, कुणाचा अंश? "शंकराचाच असंल न्हवं." आणि पुढचा भाग? "त्येच तर तुमाला इचारतोय." मी सांगते, काही अर्थ नाही. की लगेच आवाज बदलतो. मोबाईलवर तर विष्णूचा किरण असं दिलंय म्हणे. मग मोबाईललाच विचारा! पण नाही. मोबाईलने सांगितलेल्या थापेवर बाईंनी शिक्का मारायचा असतो.

माझा स्वभाव तिरसट आहे हे मला कुणी सांगायला नको. पण ज्यांच्या पणजोबांना सगळं गाव धोंड्या म्हणून हाक मारायचं आणि ते निमूट ओ द्यायचे, त्यांना पोराच्या नावात किरण आणि तेज आणि ब्रह्मांड हवं असतं, तेव्हा मला हसू येतं. जमिनी विकल्या, गाड्या आल्या, दारात कमान आली. राहता राहिलं नाव, तेही नवं घ्यायचं. अशा फोनना मी आता "छान आहे, ठेवा" एवढंच म्हणते आणि दुधाकडे वळते.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भावाला नातू झाला आणि ही पीडा घरात आली.

भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा, कासार आंबोलीला असतो. त्याचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, मोठा उद्योगी. आमच्या वडिलांनी, दादांनी, ज्या खाचरात जन्मभर भात लावला तिथे त्याने बंगला बांधला आहे. निळ्या फरशीचा तलाव, त्यात शनिवार-रविवार शहरातले लोक पोटं घेऊन डुंबतात. भाचा कडेला उभा राहून "सर, बर्फ पाठवू का सर?" असं विचारतो. आवाज इतका मऊ, की हाच पोरगा आईला "ए, पानी दे" म्हणतो यावर विश्वास बसू नये.

पोराला सख्खी आत्या नाही. म्हणून बारशाला कानात नाव सांगायचा मान बापाच्या आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. आमच्याकडे आत्याने कानात सांगितलं तेच नाव. एकदा कानात गेलेलं नाव फिरवत नाहीत, अपशकुन मानतात. कागदावर मग हवं ते लिहा. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, आणि म्हणूनच ज्या भावाला दिवाळीत माझ्याकडे यायला सवड झाली नव्हती, तो एक दिवस पेढे घेऊन पौडला आला.

"अक्का, दादाचं नाव ठिवायचं. हरिदास."

मला पटलं होतं. गेलेल्या माणसाचं नाव नातवा-पणतवाला देतात, त्यात काही वावगं नाही. मी हो म्हणणार, तेवढ्यात त्याने मोबाईल पुढे केला. बारशासाठी बॅनर करायला टाकला होता, त्याचा नमुना. दादांचा एकुलता एक फोटो त्यावर होता, रेशनकार्डासाठी काढलेला, ज्यात ते कॅमेऱ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहतायत. त्या कपाळावर कुणीतरी कॉम्प्युटरने गंध लावलं होतं. गळ्यात तुळशीची माळ घातली होती. आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'ह.भ.प.'

हरिभक्तपरायण! आमचे दादा! अहो, ते रविवार आला की मटणाच्या वाटपाला पहिले हजर. सप्ताहात सात दिवस देवळाकडे फिरकायचे नाहीत आणि आठव्या दिवशी काल्याच्या पंगतीला बरोबर वेळेवर पोचायचे. कीर्तनकाराला ते 'वराडनारा', म्हणजे ओरडणारा, म्हणायचे.

"हे काय रे?" मी म्हटलं. "माळ कुठून आली?"

"बॅनरवाल्यानं घातली. लोकांत बरं दिसतं अक्का."

"मेलेल्या माणसाला लोकांत कशाला बरं दिसायला पाहिजे?"

तो पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून उठला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी भाचा आला. तोंडावर गोड, हातात मोबाईल.

"आत्या, बाबा काय बी बोलत्यात. तू तेवढं हरिदास नको ठेवू. दास म्हंजी नोकर. उद्या शाळेत पोरं त्याला नोकर म्हनतील. आपल्याकडंच चार मानसं कामाला हायेत."

त्याने निवडलेलं नाव मला दाखवलं. ते मी इथे लिहीत नाही. शेवटी अंश आहे, एवढं पुरे.

मग मात्र मी त्याला धरून बसवलं आणि वर्गात द्यायची तशी शिकवणी दिली. म्हटलं, बाबा रे, दास हा आपल्याकडे लाजेचा शब्द नाही. ज्याने एकदा हरीची चाकरी धरली त्याला दुसऱ्या कुणापुढे वाकावं लागत नाही, असा त्यातला ताठा आहे. मोठमोठ्या संतांनी स्वतःला दास म्हणवून घेतलं, ते गरिबीने नव्हे, मिजाशीने. आणि हरिदास हे तर एका पेशाचं नाव होतं. देवळात उभा राहून हरीची कथा सांगणारा तो हरिदास. गावोगाव जायचा, राजाच्या नावाने कथा सुरू केली तरी फिरून देवापाशी आणून सोडायचा. त्यावरून तर म्हण पडली, हरिदासाची कथा मूळपदावर. आणि तुझ्यासारखा, जो दर शनिवारी ओल्या चड्डीतल्या माणसापुढे 'सर सर' करत उभा असतो, तो मला दास म्हणजे नोकर असं शिकवतो?

शेवटचं वाक्य ऐकून त्याने मोबाईलमधून मान वर केली. बाकीचं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे.

तो गेला आणि मी ठरवलं, हरिदासच ठेवायचं. भावासाठी नाही. त्याच्या त्या कॉम्प्युटरच्या माळेसाठी तर मुळीच नाही. भाच्याच्या नाकावर टिच्चून ठेवायचं, म्हणून ठेवायचं. साठी उलटलेल्या बाईला असले हेतू शोभत नाहीत हे मला कळत होतं.

आता राहिली भाचेसून. ती बाळंतपणाला माहेरी, मुठ्याला गेली होती. शिकलेली मुलगी, हिंजवडीला नोकरीत होती, पुढे सोडली. घरात नावावरून एवढं रण माजलेलं आणि हिचा आवाज नाही. मला असली माणसं आवडत नाहीत. एक तर हो म्हणावं, नाही तर नाही म्हणावं. मी मनाशी धरलं, हिलाच ते अंशवालं नाव हवं असणार आणि नवऱ्याच्या तोंडून ही ते बोलवून घेते आहे. म्हणून बारशाच्या आधी मीच एसटीने मुठ्याला गेले, बाळ बघायच्या निमित्ताने.

बाळ छान होतं. मोठं डोकं, दादांसारखे बाहेर आलेले कान. पण अंगावर विटलेलं झबलं, धुवून धुवून विरलेलं, बाहीला दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने टाका घातलेला. लंगोटसुद्धा जुन्या लुगड्याचे.

"एवढा बंगला बांधलात," मी म्हटलं, "आणि पोराच्या अंगावर लोकांची उतरलेली झबली?"

तिची आई घाईने म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. तिला तसं बरं वाटतं."

मला कारण माहीत होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. याच्या आधी तिची दोन गेली होती. पहिलं पोटातच, सातव्या महिन्यात; दुसरा मुलगा, तो जन्मल्यावर नवव्या दिवशी. ज्यांची पोरं जगत नाहीत त्या बायका नव्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत, मागून आणलेलं घालतात, म्हणजे वर कुणाच्या नजरेत भरायला नको. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी ते बोलले. वर असंही म्हणाले, की इंजिनियर होऊन हे असलं करायचं तर शिकायचं कशाला.

ती बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. बाळाला ती 'हे' म्हणत होती. "हे झोपलं." "हे रात्री उठतं." नाव नाही, सोन्या नाही, राजा नाही. मला वाटलं, नुसती रुसली आहे.

मग तिने विचारलं, "आत्याबाई, मोठ्या आबांचं नाव तसं का ठेवलं होतं?"

मोठे आबा म्हणजे दादा. आजेसासऱ्याचं नाव ती तोंडाने घेणार नव्हती. मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, निदान विचारलं तरी. आणि मी तिला ती गोष्ट सांगितली. ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, भावालासुद्धा नाही.

मी नुकती नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीत घरी आले होते आणि खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. मी नवी नवी मास्तरीण, सगळ्या जगाला अर्थ सांगायची हौस. दादांना म्हटलं, "दादा, तुमचं नाव किती चांगलं आहे. हरीचा दास. घरात भक्ती होती म्हणून ठेवलं असेल."

दादांनी हातातली पेंढी दगडावर आपटली.

"भक्ती कसली! आई भ्याली व्हती. माज्या आदी तीन गेली. मंग माजी पाळी. सुपात घालून नेला आन ठिवला देवळाच्या पायरीवर. पुजाऱ्यानं उचलला. म्हनला, ह्यो आता हरीचा दास. देवाचा चाकर. तुज्याकडं निस्ता सांबाळाय दिलाय. घरी ने, पन माजा म्हनू नगं. माजा म्हनलीस का वर ऐकू जाईल."

"मग?"

"मंग काय. माजा न्हाई म्हनली." दुसरी पेंढी आपटली. "मरस्तवर न्हाई म्हनली. चाकरा, जेवाय ये. चाकरा, ढोरं सोड. मला लगीन झाल्यावर बी चाकरच म्हनायची. मरताना उशाला बसलो व्हतो. म्हनलं, आता तरी म्हन. तवा निस्ती बगत ऱ्हायली."

मग त्यांनी मला पेंढ्या पुढे सरकवायला सांगितलं आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

भाचेसुनेला मी हे सगळं सांगितलं, आणि माझ्या सवयीप्रमाणे शेवटी तात्पर्यही सांगितलं. म्हटलं, बघ, तुझ्या नवऱ्याच्या त्या नावाला काडीचा अर्थ नाही. ह्या नावाला निदान एक आई आहे, एक देऊळ आहे.

तिने एकच प्रश्न विचारला. "त्यांच्या आईने कधीच म्हटलं नाही?"

"कधीच नाही. आणि दादा ऐंशी वर्षं जगले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, झालं, आता ही रडणार. मला उठायला निमित्त मिळालं. एसटीत बसल्यावर मी स्वतःवर खूश होते. लढाई जिंकली होती, पोरीला पोर जगवायचा तोडगासुद्धा मिळाला होता, आणि भाच्याचं नाक कापायची सोय झाली होती.

बारसं एका लॉनवर होतं. पौडरोडला आता माणसं कमी आणि लॉन जास्त आहेत. नाव ठरायच्या आधीच दोन बॅनर छापून तयार. प्रवेशाला दादा, गंध लावलेले, माळ घातलेले, ह.भ.प. आतमध्ये स्टेजवर भाच्याचा बॅनर, वर पडदा टाकलेला, म्हणजे नाव पुकारलं की दोरी ओढायची आणि फुगे सोडायचे. बापाने एका टोकाला पैज लावलेली, लेकाने दुसऱ्या टोकाला, आणि दोघंही मला येता-जाता पाणी विचारत होते. कुठल्या तरी नेत्याची वाट बघण्यात तास गेला. फोटोवाला पाळण्याला सांगत होता, जरा इकडे सरका.

मी साडीचा पदर खोचून पाळण्याशी गेले. बायका जमल्या. बाळाला पाळण्याच्या वरून खालून फिरवलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. बाळाच्या अंगावर कोरं करकरीत झबलं होतं, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. मला वाटलं, लोकांसाठी घातलं असणार.

मी खाली वाकले, तेवढ्यात भाचेसुनेने माझं मनगट धरलं. बायकांच्या गलक्यात तिचा आवाज मलाच ऐकू आला.

"आत्याबाई, ते नाव नका ठेवू."

मला संताप आला. म्हटलं, शेवटी नवऱ्याचीच बाजू घेतलीस ना?

"तसं न्हाई," ती म्हणाली. शहरातली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "दुसरा नऊ दिवस व्हता. नऊ दिवस मी त्याला माजा म्हनले न्हाई. भ्याले. लोकांची झबली घातली, तोंडावर बोट ठिवलं. तरी गेला. तसाच गेला, मी न म्हनताच." तिने मनगट आणखी घट्ट धरलं. "ह्याला मला म्हनायचंय. ऱ्हावो नायतर जावो. ते नाव ठिवलं तर मला म्हनता यायचं न्हाई."

मी सगळ्यांना अर्थ सांगत फिरत होते. गोष्टसुद्धा मीच सांगितली होती. आणि त्या गोष्टीत दादा होते, देऊळ होतं, नाव होतं. त्यात एक बाई जन्मभर तोंड दाबून राहिली, ही गोष्ट मी सांगूनही मला ऐकू आली नव्हती. ह्या मुलीला ऐकू आली.

मागून कुणीतरी ओरडलं, "अवो बाई, आटपा की, जेवनं खोळंबली!"

मी बाळाच्या कानाशी गेले, कुर्र केलं आणि ते नाव सांगितलं. भाच्याचं. अंशवालं. एकदा कानात, आणि मग सरळ उभी राहून एकदा मोठ्याने, सगळ्या लॉनला ऐकू जाईल असं. ज्या तोंडाने मी चौतीस वर्षं शुद्ध मराठी शिकवलं त्याच तोंडाने. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, काहींनी जुना राग काढला असावा इतके जोरात. पडदा सरकला, फुगे उडाले, भाचा विजयी वीरासारखा माझ्या पाया पडला. त्याला काय कळणार? त्याला मी आशीर्वाद दिला आणि मनात म्हटलं, गाढवा, तुझ्यासाठी नव्हे.

भाचेसुनेने बाळ उचललं होतं. घुगऱ्या वाटणाऱ्या बायकांच्या मधोमध उभी राहून ती त्याच्या त्या मोठ्या कानाशी एकसारखी बोलत होती. "माजा गं माजा. माजं लेकरू." हळू नाही, चांगलं वरपर्यंत ऐकू जाईल असं.

पंगतीत भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. पानातल्या जिलबीला त्याने हात लावला नव्हता. मान लाल झाली होती.

"अक्का, बापाचं नाव व्हतं त्ये. तू बापाचं नाव बुडवलंस. आजपासून तुजं माजं बोलनं न्हाई."

एरवी मी त्याला म्हटलं असतं, बापाला गंध लावून बॅनरवर टांगणाऱ्याने मला शिकवू नये. ओठांवर आलंही होतं. पण मी त्याला खळ्यावरची गोष्ट सांगितली. सूप, पायरी, पुजारी, चाकरा जेवाय ये, उशाशी बसून मागितलेला तो शब्द. वाढपी भात घेऊन आला आणि परत गेला. भावाची नजर प्रवेशाच्या बॅनरवर होती. तिथे दादा आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"मला कदी सांगितलं न्हाई त्यानं ह्ये," तो म्हणाला.

"मलाही एकदाच सांगितलं."

तो पानातल्या मिठाची रेघ बोटाने मोडत बसला. साठीला आलेला माणूस, मानेवर सुरकुत्या. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "अक्का, दादा तुला म्हनला का गं कदी? माजी म्हनून?"

मी आठवून पाहिलं. मला नोकरी लागली तो दिवस आठवला. माझं लग्न, नंतर माझा नवरा गेला तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले होते, तो दिवस. ते आले होते. भाताचं पोतं घेऊन आले होते, ओट्यावर उतरवलं होतं, आणि चहा पिऊन परत गेले होते.

"नाही," मी म्हटलं.

"मला बी न्हाई." त्याने पान पुढे सारलं. "मला जल्मभर वाटायचं, तुला म्हनला असंल."

मला जन्मभर वाटत होतं, त्याला म्हणाले असतील.